अंधारात चाळलेली संख्या

डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन गाणे यूट्यूबवर इतक्या वेळा पाहिले गेले, की ते किती वेळा पाहिले हे मोजणारा आकडाच अपुरा पडायला आला. त्या मोजणीची मजल २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच होती. एखादे गाणे दोनशे चौदा कोटींच्या पुढे जाईल, हे ती व्यवस्था बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. शेवटी मोजणीची जागा वाढवावी लागली. संगणकाचे काम करणाऱ्या कुणालाही हा दहा अंकी आकडा दाखवून पाहा. घरच्या फोन नंबरासारखा तो ओळखीचा असतो.

संगणक नेमका इथेच का अडतो, हे समजायला बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट पुरते. पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत ३१ घरे भरली की एकूण दाणे होतात २,१४,७४,८३,६४७. (दाणा २० मिलिग्रॅमचा धरला तर हे सुमारे ४३ टन तांदूळ झाले, आणि पट अजून निम्माही भरलेला नाही.) संगणकाची जुनी आणि सर्रास वापरातली रीत एका पूर्णांकासाठी ३२ घरे ठेवते. त्यातले एक घर अधिक-उण्याच्या चिन्हात जाते, उरतात ३१. ती सगळी भरली की पुढे जागा नाही. गणिताच्या भाषेत ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १.

संगणकाचा मागमूसही नव्हता तेव्हा, १७७२ साली, सेंट पीटर्सबर्गमधल्या एका वृद्ध गृहस्थांनी हीच संख्या चाळून पाहिली होती. १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही, म्हणजे ती मूळ संख्या आहे, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांचे वय तेव्हा ६५ होते आणि त्यांचे दोन्ही डोळे निकामी झालेले होते. त्यांचे नाव लेओनार्ट ऑयलर.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात झाला. वडील धर्मोपदेशक, आणि मुलानेही तीच वाट धरावी ही त्यांची इच्छा. तेराव्या वर्षी मुलगा विद्यापीठात गेला आणि तिथे योहान बर्नूली या युरोपातल्या अव्वल गणितज्ञाच्या नजरेत भरला. बर्नूलींनी त्याची शिकवणी घ्यायचे नाकारले. अवघड पुस्तके स्वतः वाचायची आणि शनिवारी दुपारी येऊन अडलेले तेवढे विचारायचे, असा त्यांनी नेम घालून दिला. शनिवारी विचारायला कमीत कमी शंका उराव्यात म्हणून ऑयलर आठवडाभर झटत. शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला तरी ठाऊक नाही. पुढे बर्नूलींनीच वडिलांची समजूत घातली आणि मुलगा गणिताकडे वळला.

विसाव्या वर्षी ऑयलर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेले. गंमत अशी की तिथे रिकामी असलेली जागा शरीरक्रियाशास्त्राची होती. त्यासाठी त्यांनी बाझलमध्येच शरीरशास्त्राचा अभ्यास सुरू केला होता, आणि रशियात आल्यावर काही काळ नौदलाच्या वैद्यकीय विभागातही नोकरी केली. मग गणितातली जागा मिळाली आणि वैद्यक मागे पडले. १७३४ साली कॅथरिना ग्सेल यांच्याशी त्यांचे लग्न झाले. घरात तेरा वेळा पाळणा हलला, पण बालपण ओलांडून मोठी झाली ती पाचच मुले. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन आणि बाकीची पायाशी खेळत असताना ते गणिते करत, असे त्यांना ओळखणारे सांगत.

१७३५ मध्ये त्यांना जीवघेणा ताप आला. त्यातून ते उठले, पण तीन वर्षांनी, १७३८ मध्ये, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. अकादमीसाठी ते तेव्हा नकाशांचे बारीक काम करत होते, आणि डोळा त्या कामानेच गेला असे ते स्वतः धरून चालले. एक दंतकथा याच्याही पुढे जाते: खगोलशास्त्रातले, महिने लागावेत असे एक गणित त्यांनी तीन दिवसांत पुरे केले आणि त्या श्रमाची किंमत म्हणून डोळा दिला. ही कथा अजूनही पुस्तकांतून छापली जाते, पण डोळ्यांचे वैद्यक तिला पाठिंबा देत नाही. बारीक कामाने डोळे दमतात, कोरडे पडतात, दुखतात. त्याने आंधळेपण येत नाही. तापाशी जोडलेल्या संसर्गाने डोळा गेला असावा, हे जास्त पटण्यासारखे आहे.

१७४१ ते १७६६ ही पंचवीस वर्षे ते बर्लिनमध्ये होते. काम उदंड झाले, पण प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्याशी त्यांचे सूत कधी जुळले नाही. राजाला चटपटीत बोलणारी, फ्रेंच वळणाची माणसे आवडत. हा साधा, धार्मिक, घरकोंबडा गणितज्ञ त्याच्या दरबारात शोभेना. राजाने आपल्या पत्रांत त्यांच्या एका डोळ्यावरून कुचेष्टाही केली. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने बोलावणे धाडले तेव्हा ५९ वर्षांचे ऑयलर बिऱ्हाड उचलून पीटर्सबर्गला परतले.

परतल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्या, चांगल्या डोळ्यात मोतीबिंदू वाढल्याचे कळले. डोळ्यातले भिंग गढूळ होत जाते आणि प्रकाश आत पोचत नाही, इतकाच हा आजार आहे. जगात आजही आंधळेपणाचे सर्वांत मोठे कारण तोच आहे. फरक असा की आज गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. त्या काळी दोन मार्ग होते. एक फार जुना: सुईने भिंग बाजूला ढकलायचे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत याचे वर्णन आहे. दुसरा, भिंग डोळ्याबाहेर काढण्याचा, तेव्हा युरोपात नुकता रुळत होता. काहीही केले तरी हात आणि हत्यारे निर्जंतुक करायची असतात ही कल्पना यायला अजून शंभर वर्षे होती.

१७७१ साल त्यांच्यासाठी फार वाईट गेले. मे महिन्यात शहरात मोठी आग लागली आणि तिने ऑयलर यांचे घर गाठले. जवळजवळ आंधळा म्हातारा आत अडकला होता. पेटर ग्रिम नावाच्या बाझलच्याच एका माणसाने आत शिरून त्यांना पाठीवर घेतले आणि बाहेर काढले. घर गेले, पुस्तके गेली. हस्तलिखिते बरीचशी वाचली. त्याच वर्षी बॅरन वेंझेल या नामांकित नेत्रशल्यविशारदांनी त्यांच्या डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली. ती यशस्वी झाली. ऑयलर यांना पुन्हा दिसू लागले. पण काही दिवसांतच डोळ्यात संसर्ग झाला, असह्य वेदना सुरू झाल्या आणि परत आलेली दृष्टी कायमची गेली. आज याच संसर्गाच्या धास्तीने शस्त्रक्रियेनंतर थेंब वेळेवर घाला, डोळा चोळू नका, पाणी जाऊ देऊ नका, असे डॉक्टर पुन्हापुन्हा बजावतात.

आपली संख्या येते ती याच्या पुढच्या वर्षी.

२ चा एखादा घात घेऊन त्यातून १ वजा केला की कधी मूळ संख्या मिळते, कधी नाही. २ चा तिसरा घात ८, वजा १ म्हणजे ७: मूळ. पाचवा घात ३२, वजा १ म्हणजे ३१: मूळ. सातवा घेतला की १२७: तीही मूळ. घात अकरावा घेतला की मात्र २०४७ येते, आणि ती २३ गुणिले ८९ अशी फुटते. इटलीतल्या कातालदी यांनी १५८८ च्या सुमारास सतरावा आणि एकोणिसावा घात तपासून त्या संख्या मूळ असल्याचे दाखवले. मग पुढे तेवीस, एकोणतीस, एकतीस आणि सदतीस हेही घात मूळ संख्या देतात असे सांगून टाकले. चारांपैकी तीन चुकले. फ्रान्समधले धर्मगुरू मेर्सेन यांनी १६४४ मध्ये नवी यादी दिली. तिच्यातही ३१ होता, पण सिद्धता नव्हती. यादीतल्या दोन नोंदी पुढे खोट्या निघाल्या आणि तीन संख्या राहून गेल्याचेही दिसले. थोडक्यात, ३१ व्या घाताबद्दल शंभर-दीडशे वर्षे फक्त मते होती.

मत सोडून तपासायचेच ठरवले तर काम किती? संख्येला भाग जाणार असेल तर एक विभाजक तिच्या वर्गमुळाच्या आत असायलाच हवा. वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे. त्याच्या आत मूळ संख्या सुमारे ४,८०० आहेत. म्हणजे दहा अंकी संख्येला सुमारे ४,८०० भागाकार, सगळे हाताने, आणि एकही चूक न करता. डोळस माणसालाही नको वाटेल असे हे काम आहे.

ऑयलर यांनी आधी चाळणी तयार केली. तिची कल्पना समजायला अवघड नाही. २ चे घात ओळीने लिहा: २, ४, ८, १६, ३२, ६४. प्रत्येकाला ७ ने भागून बाकी पाहा: २, ४, १, २, ४, १. बाक्या फेर धरतात आणि दर तिसऱ्या पावलाला १ वर येतात. हा फेर कितीचा असू शकतो, याला नियम आहे: मूळ संख्येतून १ वजा केल्यावर जे येते त्याला फेराच्या लांबीने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. इथे ७ वजा १ म्हणजे ६, आणि त्याला ३ ने भाग जातो. हा नियम फ्रान्सच्या फर्मा यांचा. तो सिद्ध करून छापला ऑयलर यांनीच.

आता एखादी मूळ संख्या आपल्या २,१४,७४,८३,६४७ ला पूर्ण भाग देते असे धरा. मग २ च्या ३१ व्या घाताला तिने भागले तर बाकी १ उरणार, म्हणजे फेर ३१ व्या पावलाला १ वर येणार. ३१ ही स्वतः मूळ संख्या, त्यामुळे फेर त्याहून लहान असू शकत नाही. तेव्हा त्या विभाजकातून १ वजा केला की उरलेल्याला ३१ ने भाग जायला हवा, आणि विभाजक विषम असल्यामुळे २ नेही. म्हणून विभाजक ६२ च्या पाढ्यातल्या संख्येत १ मिळवून येणाराच हवा. बाकी सगळे एका फटक्यात बाद. (वरच्या २३ आणि ८९ कडे पुन्हा पाहा: दोन्हींतून १ काढला की २२ आणि ८८, म्हणजे अकराच्या दुपटीच्या पाढ्यातले.)

यावर दुसरी चाळणी: अशा विभाजकाला ८ ने भागले तर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की विभाजक २४८ च्या पाढ्यातल्या संख्येत १ किंवा ६३ मिळवूनच येऊ शकतो. ४६,३४० च्या आत अशा संख्या, ६३ सोडून, ३७२ भरतात. त्यातल्याही बहुतेक स्वतः मूळ नाहीत. २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने. खरोखर भागून पाहण्याजोग्या उरतात त्या ऐंशीच्या आसपास. पहिली ३११: भागाकार ६९,०५,०९२ आणि बाकी ३५. भाग जात नाही. पुढची १३०३: बाकी २२६. नाही. असे शेवटपर्यंत, आणि कुठेच बाकी शून्य येत नाही.

ऑयलर यांनी हे सगळे डोक्यात केले, असे चित्र रंगवायचा मोह होतो. त्यांची स्मरणशक्ती तशी होतीच. व्हर्जिलचे ‘ईनिड’ हे आख्खे लॅटिन महाकाव्य त्यांना पाठ होते, आणि आपल्या प्रतीतल्या कोणत्याही पानाची पहिली आणि शेवटची ओळ ते सांगू शकत. दोन शिष्यांची एका लांबलचक बेरजेत पन्नासाव्या स्थानावरच्या अंकात तफावत पडली, तेव्हा पूर्ण बेरीज मनातल्या मनात करून कोण बरोबर ते त्यांनी सांगितले, असे समकालीन नोंदवतात. तरी पीटर्सबर्गमध्ये मुलगा योहान आल्ब्रेख्त आणि काही तरुण सहकारी लिहिण्या-वाचण्याला, आकडेमोडीला हाताशी होते. मला वाटते, भागाकार कुणी केले हा प्रश्नच गौण आहे. चार हजार आठशे भागाकार ऐंशीवर आणणारी चाळणी त्यांची होती, आणि ती वापरायला डोळे लागत नाहीत. काम आधी कमी करायचे आणि मगच करायचे, ही त्यांची डोळस असतानाची सवय होती. फर्मा यांनी २ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ मानली होती. पंचविशीतल्या ऑयलर यांनी १७३२ मध्ये तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. तिथेही चाळणी याच जातीची होती.

निष्कर्ष त्यांनी १७७२ साली बर्लिनला पत्राने कळवला. पत्र होते तिसऱ्या योहान बर्नूलींना, म्हणजे आपल्या जुन्या गुरूंच्या नातवाला. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षे माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती. तिच्यापासून एक परिपूर्ण संख्याही मिळते. ६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज पुन्हा ६. २८ चेही तसेच. या दोन्ही संख्या ३ आणि ७ या मूळ संख्यांवर उभ्या आहेत. २,१४,७४,८३,६४७ वर उभी राहते ती २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. इंग्लंडच्या पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये भाकीत केले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण असल्या निरुपयोगी गोष्टीमागे कोणी लागणार नाही. त्याच शतकात लोक मागे लागले आणि मोठ्या संख्या सापडल्या. निरुपयोगी हा शब्दही टिकला नाही. संगणकाने सोडतीसारखे यादृच्छिक आकडे काढण्याची एक गाजलेली रीत १९६९ पासून याच संख्येवर चालते. १६,८०७ ने गुणायचे, २,१४,७४,८३,६४७ ने भागायचे, बाकी घ्यायची. संख्या मूळ असल्यामुळे फेर पूर्ण लांबीचा मिळतो: दोनशे चौदा कोटींहून अधिक पावले टाकल्याशिवाय आकडे पुन्हा त्याच क्रमाने येत नाहीत.

आंधळेपणानंतर ऑयलर सतरा वर्षे कामात राहिले. मोठी अक्षरे तेवढी अंधूक दिसत तेव्हा ते काळ्या पाटीवर खडूने ठळक चिन्हे काढत आणि शेजारचा माणूस ती उतरवून घेई. बीजगणितावरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्यांनी शिंपीकाम शिकलेल्या एका पोराला तोंडी सांगून लिहून घेतले. लिहिता लिहिता तो पोरगा बीजगणित शिकला, म्हणतात. १७७३ मध्ये पत्नी वारली. त्याच वर्षी बाझलहून निकोलाउस फुस नावाचा तरुण मदतीला आला, आणि त्यानंतर त्यांच्या लेखनाचा वेग आणखी वाढला. त्यांच्या साडेआठशेहून अधिक लेखनांपैकी जवळजवळ निम्मे या अंधाऱ्या वर्षांतले आहे. ते गेल्यानंतरही कित्येक दशके अकादमी त्यांचे साठलेले निबंध छापत होती.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी सकाळी त्यांनी नातवाला गणित शिकवले. फ्रान्समध्ये त्याच उन्हाळ्यात मोंगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा आकाशात सोडल्याची बातमी आली होती. फुगा कोणत्या वेगाने किती उंच जाईल, याचा हिशेब ऑयलर करत होते. जेवणानंतर लेक्सेल आणि फुस यांच्याशी नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल बोलणे झाले. संध्याकाळी चहाच्या वेळी नातवाशी खेळताना मेंदूत रक्तस्राव झाला आणि रात्री ते गेले. वय ७६. फुग्याचा हिशेब पाटीवर तसाच होता. तो कुणीतरी उतरवून घेतला, आणि पाटीवर सापडला तसा पॅरिसच्या अकादमीने तो छापला.